सेवकरामचा रॉड

"पाच वाजले. आला पाहा तुमच्या शेजाऱ्याला फोन," माझी बायको रुख्मा चुलीपासून म्हणाली.

मला सांगायची गरज नव्हती. आमच्या आणि सेवकरामच्या घरात एकच कुडाची भिंत. शिवाय तो फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचा. मुद्दाम, असं माझं मत.

"सेवकरामजी, आज आकडा एकतीस आला. मागच्या आठवड्यात अडतीस होता. छान चाललंय. दुखतं का कुठे?" ही नागपूरच्या डॉक्टरांकडची समीक्षा मॅडम.

"नाही जी. झोपही चांगली लागून राहिली."

"लागून राहिली," मी इकडे तोंड वाकडं करून म्हणालो. रुख्माने माझ्याकडे पाहिलं आणि फुंकणी उचलली.

सेवकराम आणि मी आमगावच्या एकाच राइस मिलमध्ये हमाल. दोन हजार सोळाच्या जानेवारीत धानाच्या पोत्यांची थप्पी आम्हा दोघांवर कोसळली. दोघांची उजवी नडगी मोडली, आणि गोंदियाच्या दवाखान्यात खाटाही शेजारशेजारच्या मिळाल्या. तिथे नागपूरचे डॉक्टर मोडलेल्या हाडात घालायचा एक नवीन रॉड घेऊन आले होते. त्या रॉडमध्ये बारीकसं यंत्र. हाड जुळेपर्यंत शरीराचा भार रॉड उचलतो, जुळू लागलं की हाड उचलतं, आणि रॉडवरचा भार कमी होत जातो. रोज पोटरीला एक पट्टा बांधायचा, की त्या भाराचा आकडा मोबाइलवरून नागपूरला.

हा रॉड घालू का, असं आधी त्यांनी मलाच विचारलं होतं. हे मी रुख्मालाही सांगितलेलं नाही. मला वाटलं, हा आकडा मिलच्या शेठलाही जाणार. हाड जुळलं की दुसऱ्याच दिवशी शेठचा माणूस दारात, चल पोती उचल. मी नाही म्हणालो आणि स्वतःला हुशार समजलो. सेवकरामने एवढा विचारच केला नाही. तो हो म्हणाला.

माझ्या पायात साधा रॉड पडला. दीड महिन्याने डॉक्टरने माझा एक्स-रे उजेडात धरला, "ठीक है, चलते रहो" म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. मी चालत राहिलो. पाय दुखत राहिला. रुख्माला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेणारा माणूस मी. आणि भिंतीपलीकडे, ज्याला काही दुखत नव्हतं, त्याला रोज कोणीतरी विचारायचं. जळत होतो मी.

मे महिन्यात सेवकरामच्या घरचा विजेचा बोर्ड जळाला. तो पट्टा आणि मोबाइल घेऊन आमच्याकडे आला.

"भाऊ, चार्जिंगले लावून देजो. मी दाढी करून येतो."

रुख्मा पाण्याला गेली होती. मी पट्टा हातात घेतला. मऊ होता. मी तो माझ्या पोटरीला बांधला आणि त्याच्यासारखंच बटण दाबलं. साध्या रॉडचा आकडा कुठून येणार, एवढी अक्कल मलाही होती. तरी बसून राहिलो.

सेवकरामचा मोबाइल वाजला.

"सेवकरामजी, आज आकडाच येत नाहीये. सगळं ठीक ना? दुखतंय का?"

मी सेवकराम नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"खूप दुखते जी," मी म्हणालो.

मग थांबलोच नाही. पाय टेकला की कळ कशी डोक्यात जाते, रात्री उठून कसा बसतो, सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. "पाय अजिबात टेकू नका. उद्या गाडी पाठवते," म्हणाली. मी पट्टा सोडून चार्जिंगला लावला. सेवकरामला काही सांगितलं नाही.

सकाळी गाडी आली. समीक्षा मॅडम स्वतः उतरली.

"मले कुठी दुखते?" सेवकराम बनियनवरच बाहेर आला होता. "मी त असा कायी बोललोच नाही."

"काल पाच वाजता बोललात. आकडाही बंद झालाय. कदाचित पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, डॉक्टर सर गोंदियाला थांबलेत."

सेवकरामचा चेहरा उतरला. त्याची बायको दारात आली. क्षणभर मला बरं वाटलं, आता लपवण्यात काय अर्थ. मग त्याची बायको रडायला लागली.

"म्याडम, तो मी होतो," मी म्हणालो. "पट्टा मीच बांधलो होतो. दुखते ते माह्या पायात."

मॅडमने माझ्या पायाकडे पाहिलं. "तुमचा पाय आमच्या यादीत नाही," म्हणाली. पण खाली बसली आणि नडगीवर अंगठा दाबला. मी ओरडलो.

"हे हाड जुळलेलंच नाही. केव्हापासून दुखतंय?"

"पयल्या दिवसापासून."

"काऊन नाही सांगितला मले?" सेवकरामने विचारलं.

तो आत गेला. आता हा दार लावून घेईल, असं मला वाटलं. तो अंगात शर्ट घालून, आपली उशी घेऊन बाहेर आला.

"गाडी त आलीच आहे, म्याडम. याले घेऊन चला. मीबी येतो संग."

मागच्या सीटवर मला आडवा करून त्याने पायाखाली उशी सरकवली आणि स्वतः पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. गोंदिया येईपर्यंत तो तीनदा मागे वळला, आणि एकदाही रागाने नाही. मला त्याच्या त्या न रागावण्याचाही हेवा वाटला.