मधला माणूस

उपेंद्र गुरुजींचा जगात कोणावर फारसा विश्वास नव्हता आणि दुभाष्यांवर तर मुळीच नव्हता. पंचवटीत यात्रेकरूंची श्राद्धं आणि शांती करण्यात त्यांचा जन्म गेला होता. परप्रांतातल्या मंडळींना घेऊन येणारे मधले लोक इकडचं तिकडे सांगताना काय काय गिळतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे जपानमध्ये लेक आणि डॉक्टर यांच्या मध्ये जावई बोलतो म्हटल्यावर त्यांच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

अपूर्वाच्या गळ्याशी गाठ आली होती. ओसाकात राहून वर्ष झालं तरी तिला जपानी भाजी घेण्यापुरतीच येत होती. विश्वेश मात्र तिथल्या कंपनीत चांगला मुरलेला. दवाखान्याला फोन तो लावायचा, वेळ तो घ्यायचा, डॉक्टरांशीही तोच बोलायचा. सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "साधी गाठ आहे, बाबा. काळजीचं कारण नाही."

"साध्या गाठीसाठी माणूस सारख्या चकरा मारतो का?" फोन ठेवून गुरुजी बायकोला म्हणाले. "आणि बोलताना डोळे खाली!"

"अहो, जावई आहे तो आपला, गंगाघाटावरचा दलाल नव्हे," मालिनीताई म्हणाल्या. "तुमच्या उलटतपासणीपुढे देवाचेही डोळे खाली जातील."

पण संशयाचं भूत असं उतरतं थोडंच! गुरुजी तडक शहरातल्याच द्वारका चौकात गेले. तिथे एका दुकानावरच्या खोलीत योगिनी नावाची मुलगी जपानीचे वर्ग घ्यायची. ओसाकातला दुसरा डॉक्टर शोधायचा, अपूर्वासाठी वेळ घ्यायची आणि हे जावयाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तिला सांगितलं.

योगिनीनं फोन लावला. बराच वेळ ती मान लववत बोलत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या गुरुवारी या म्हणाले, काका. मी फोनवर राहून भाषांतर केलं तर चालेल."

"एवढं बोललीस आणि मला दोनच वाक्यं?"

"बाकी सगळं 'माफ करा, माफ करा' होतं, काका!"

गुरुजींना तेही पटलं नाही. "विश्वेशरावांना न सांगता जा," असं त्यांनी अपूर्वाला सांगितलं, तेव्हा तिनं आधी "त्याला न सांगता?" असं विचारलं आणि मग "बरं, बाबा" म्हणाली. पोरगी नवऱ्याला घाबरते, असा अर्थ गुरुजींनी लावला.

गुरुवारी योगिनीच्या वर्गात फोन डस्टरला टेकवून दोघं बसले. पडद्यावर डॉक्टर होते, शेजारी अपूर्वा. तिनं पिशवीतून एक जाड पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. डॉक्टर वाचत गेले, गोंधळले, काहीतरी बोलले. योगिनीचा चेहरा उतरला.

"सांग," गुरुजी म्हणाले. "एक अक्षर गाळू नकोस."

"डॉक्टर म्हणतात, यांना थायरॉइडचा कॅन्सर आहे. मोठ्या हॉस्पिटलात यांच्या ऑपरेशनची तारीखही ठरली आहे. मग या माझ्याकडे कशासाठी आल्या?"

गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली. "बघितलंस!" ते फोनकडे पाहून ओरडले. "फसवलं ना त्यानं तुला!"

"नाही, बाबा." अपूर्वाचा आवाज शांत होता. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. विश्वेशनं शब्दन् शब्द सांगितला. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं मीच त्याला बजावलं होतं. खोटं बोलायचं त्याच्या फार जिवावर यायचं. आज सगळे रिपोर्ट घेऊन आले, कारण माझ्या तोंडानं सांगवत नव्हतं."

"अगं, बाप आहे मी तुझा! माझ्यापासून का लपवलंस?"

"ऑपरेशन पितृपक्षात आहे. तुम्ही मला तारीख पुढे ढकलायला लावली असती. आणि तुम्ही म्हणालात म्हणून मी ढकललीही असती."

असं मी कधीच केलं नसतं, हे सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं. पण मन त्याआधीच पुढे धावलं होतं: सर्वपित्री, मग नवरात्र, दसऱ्यानंतर एखादा चांगला दिवस. आपण लेकीच्या जिवाचे दिवस मोजतो आहोत, हे लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा, ऑपरेशन येत्या..." अपूर्वा सांगू लागली.

"नको!" गुरुजींनी तिला थांबवलं. "तारीख मला सांगू नकोस. झालं की विश्वेशरावांना फोन करायला सांग. ते म्हणतील ते मी खरं धरीन."