पत्र्याच्या पट्टीवरचा आकडा

मेकॅनिक म्हणजे आमच्या यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "वहिनी, गाडी विकत नेणाऱ्यांना मागच्या ॲक्सलमध्ये कुठलं क्राउन-पिनियन आहे ते लेखी हवंय. मोजावं लागेल."

"मोजायचं काय त्यात? पट्टीवर लिहिलंय. चार पॉइंट अकरा. शर्यतीचं."

हातच्या काकणाला आरसा कशाला? ॲक्सलच्या आत क्राउन-पिनियनची दातेरी चाकं, आणि बाहेर एका बोल्टखाली बोटभर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर आकडा ठोकलेला असतो. तो वाचायला मला यांनीच शिकवलं. आकडा मोठा तेवढी गाडी पिसाळलेली. चार म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे, चार फेरे.

दोन वर्षांपूर्वी शर्यतीत गाडी उलटली, यांचा खांदा मोडला. मी दवाखान्यातच बजावलं, ते पिनियन काढा, नाहीतर मी चालले माहेरी. महिन्याभराने म्हणाले, काढलं, आता तीनवालं बसवलंय, साधं. मी विश्वास ठेवला. आणि यंदा झाडू शोधायला गॅरेजमध्ये गेले, वाकले, तर पट्टीवर ४.११ जसाच्या तसा.

"थापा मारता होय माझ्याशी?"

"अगं, बदललंय. ये इकडे, चाक फिरव, स्वतः मोज."

मी गेले नाही. म्हटलं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. चार महिने अबोला धरला. ताट वाढायची, इस्त्रीचे कपडे पलंगावर ठेवायची, पण तोंडातून ब्र काढला नाही. मग एका दुपारी हे खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. कसली खंबीर, बधिर झालेय नुसती.

मेकॅनिकने पुढच्या चाकांना विटा लावल्या, गाडी न्यूट्रलला टाकली, मागचं एक चाक जॅकवर उचललं. टायरवर खडूची रेघ मारली, शाफ्टवर दुसरी, आणि खाली सरकला.

"फिरवा वहिनी. सावकाश."

रेघ खाली गेली, वर आली.

"दीड," तो खालून म्हणाला.

"दीड कसं?"

"दुसरं चाक जमिनीवर आहे ना, म्हणून निम्मंच भरतं. अजून एक फेरा घ्या."

मी घेतला.

"तीन. तीनच्या किंचित पुढे. साधं आहे हे."

"परत मोजा."

परत मोजलं. तीनच.

"मग पट्टी?"

"पिनियन बदललं आणि जुनी पट्टी परत त्याच बोल्टखाली लावली. त्याचा स्वभाव माहितीये ना तुम्हाला, काही टाकायचा नाही."

माहितीये. वाकडे खिळे डब्यात, झिजलेले टूथब्रश डब्यात. त्यावरून मी यांची आयुष्यभर थट्टा केली, आणि पट्टी बघितली तेव्हा मला त्यातलं काही म्हणता काही आठवलं नाही.

सगळं मोजायला दहा मिनिटं लागली, जॅक लावण्यासकट.

मी चाकापाशी बसूनच होते. हात काळे झाले होते.

"तीन आहे हो," मी म्हणाले.

"हो, लिहिलं मी," मेकॅनिक म्हणाला.

मी त्याला सांगत नव्हते.