दरबारातली उज्ज्वला

रविवारी दुपारी नवागामच्या आमच्या खान्देशी गल्लीत सरलाबाईंच्या दहा बाय दहाच्या खोलीत तीस माणसं कोंबलेली होती आणि तेवढीच दारात. मधोमध पाटावर मोबाइल. मोबाइललाही हळदकुंकू. पडद्यावर पदराने तोंड झाकलेल्या कुणी ‘कानुमाय माताजी’, खाली दक्षिणेसाठी क्यूआर कोड. ‘खान्देश भक्त परिवार’ या ग्रुपचा हा दरबार. सभासद हजारभर, आणि कुणी कुणाला कधी पाहिलेलं नाही.

“दिसतंय... मला दिसतंय,” माताजी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “कन्या धनश्री. रास धनु. मामेकुळ शिरपूर तालुक्यातलं. मामा हिलाल... शेताच्या बांधावर उभा आहे.”

“माय व! मना भाऊनं नाव सांगी दिधं!” सरलाबाईंनी पाटावर डोकं टेकलं.

हिलाल तीन वर्षांपूर्वीच शेत विकून इथे शहरात, कोसाडला, राहायला आला होता. त्या घटकेला तो माझ्या शेजारी बसून पोहे खात होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर म्हणतो, “आत्मा तठेच, बांधवरच ऱ्हास ना, मॅडम!” मला शिसारी आली.

माताजींचा निकाल असा, की मामाकडे कुलदेवी कानबाईच्या रोटांत, श्रावणातल्या नैवेद्यात, खंड पडला, म्हणून धनश्रीला फिटचा आजार जडला. गोळ्या बंद करा, रोटाचं पीठ पाण्यातून द्या. लगेच नंदुरबारच्या कुणा उषाबाईंनी ग्रुपवर साक्ष दिली, “माझी सूनही अशीच बरी झाली!” साठ माणसांनी हात जोडले. बिचाऱ्या कानबाईला कुणी विचारलंच नव्हतं.

गोळ्या बंद केल्याच्या अकराव्या दिवशी धनश्री स्वयंपाक करताना फिट येऊन गॅसवर पडली. हात कोपरापर्यंत भाजला.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. हात बघून आले आणि सरलाबाईंना म्हटलं, “गोळ्या सुरू करा.”

“मॅडम, तुम्ही देवनी परीक्षा ल्हेतस का?”

“देवीची नाही. त्या पदराआडच्या माणसाची घेते.”

धनश्रीचा लग्नाचा बायोडाटा चार वर्षांपूर्वी मीच टाइप केला होता. नाव, रास, मामेकुळ, मामा. मामेकुळाशिवाय आपल्याकडे बायोडाटा पुरा होत नाही, आणि तो किती ग्रुपांवर फिरला हे कुणाच्या लक्षात राहत नाही. माताजींना सगळं दिसलं ते माझ्याच टायपिंगच्या क्रमाने! हिलालचं घर बदललं, बायोडाटा बदलला नव्हता.

मग सरलाबाईंच्या समोर बसून मी एक मुलगी तयार केली. नाव उज्ज्वला, रास वृषभ, मामेकुळ साक्री तालुक्यातलं टेंभुर्डे, मामा उखा. ना अशी मुलगी, ना मामा. गावही मीच वसवलेलं. बायोडाटा नवा नंबर देऊन वधू-वरांच्या तीन ग्रुपांवर टाकला आणि आठ दिवसांनी त्याच नंबरवरून दरबारात लिहिलं, ‘माझ्या उज्ज्वलाला फिट येतात.’

पुढच्या रविवारी तीच गर्दी. “दिसतंय...” माताजी डोलू लागल्या. “कन्या उज्ज्वला. रास वृषभ. मामेकुळ टेंभुर्डे. मामा उखा पारावर बसलाय, चिंतेत आहे.”

“उज्ज्वलाला मी ओळखते!” नंदुरबारच्या उषाबाई मध्येच बोलल्या. “लग्नात भेटलेली. गुणाची पोर!”

सरलाबाई उठल्या. त्यांनी स्वतःच माइक चालू केला. “ती पोर तं मॅडमनी मन्हासमोर कागदवर बनाडी! कोनले भेटनी तू?”

पडदा काळा झाला. ग्रुपमधून आम्हाला तिथल्या तिथे काढून टाकलं. खोलीत कुणीतरी पुटपुटलं, “मॅडमनी माताजींना फसवलं.” मला त्या पदराआडच्या भामट्यापेक्षा या माणसाची जास्त किळस आली. भाजलेला हात त्याच्यापासून दोन हातांवर होता.

म्हणून साधं सांगते. ग्रुपवरचं नाव म्हणजे माणूस नव्हे, आणि त्याची साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. तुमच्याबद्दल कुणी अचूक काही सांगितलं, तर पाया पडण्याआधी आठवा, ते तुम्हीच कुठे लिहून पाठवलं होतं. आणि डॉक्टरची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.

सोमवारी मी मायलेकींना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांवर धनश्रीला दोन वर्षं फिट आली नव्हती. अजून वर्ष तसंच गेलं असतं तर गोळ्या कमी करायला घेणार होते.

“आता?” सरलाबाईंनी विचारलं.

“आता पुन्हा पहिल्या दिवसापासून,” डॉक्टर म्हणाले.

धनश्रीने डाव्या हाताने गोळी घेतली. उजवा अजून बँडेजमध्ये होता.