चाळीस किलोमीटरवरची हवा

चिमणीतून काय बाहेर पडतं ते मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली. वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट. तासातासाला सल्फर डायऑक्साइडचा आकडा वहीत उतरवायचा आणि साहेबांनी विचारलं की "मर्यादेत आहे" म्हणायचं. या कामाचा आता वीट आलाय, पण दुसरं काही येत नाही.

बायकोला दम्याने घेरलं तेव्हा मी मोठा शहाणपणा केला. चिमणीजवळच्या आमच्या वसाहतीतून तिला उचललं आणि चाळीस किलोमीटरवर, तिच्या थोरल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. त्याआधी वायू मोजायचं यंत्र तिथे लावून खात्रीही केली होती. आकडा जवळजवळ शून्य! याला दोन वर्षं झाली. दर रविवारी मी जातो आणि ती खोकत दार उघडते. हवापालट मानवायला वेळ लागतो, असं मी तिला सांगत आलो.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत बारीक कण मोजायचं नवं यंत्र आलं. आधी ते वसाहतीत लावून पाहिलं. रविवारी ते पिशवीत टाकून नेलं आणि मेहुणीच्या अंगणात लावलं. आकडा वसाहतीतल्यापेक्षा दुप्पट.

मी पायरीवर बसून आकडा पुन्हा पाहिला. चिमणी उंच, त्यामुळे धूर आमच्या डोक्यावरून निघून जातो. वाटेत ऊन आणि दमट हवा लागली की काही तासांत त्या वायूचं आम्ल होतं, आम्लाचे बारीक कण होतात आणि ते छातीत खोल जाऊन बसतात. इथे वायू सापडला नाही, कारण त्याचे कण झाले होते. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. वर्षातले आठ महिने वारा इकडेच वाहतो, हे तर माझ्याच वहीत होतं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"काय म्हणतंय तुमचं मशीन?" बायकोने चहा पुढे केला.

"सामान आवर. घरी जाऊ."

"चिमणीखाली?"

"तिथली हवा परवडली. चुकलं गं माझं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिने नुसतं यंत्राकडे पाहिलं.

"तुम्हीच म्हणाला होतात, मोकळी हवा घे," ती म्हणाली. "दोन वर्षं मी खिडकी सताड उघडी टाकून झोपले हो."

एवढं बोलून ती बॅग भरायला आत गेली. तिच्यामागे जायचा मला धीर झाला नाही.