पेटिबोनांचं लायलॅक

खड्डा गुडघाभर खोल गेला आणि ऑर्व्हिलच्या फावड्याला वीट लागली. त्याने ती उचलून माती झटकली. विटेच्या एका कडेला खळगा पडला होता, दाराशी बूट घासून घासून पडतो तसा. ऑर्व्हिल टेस्के तिच्याकडे बघतच राहिला.

"काय सापडलं रे?" वरून आयव्हाबाई ओरडल्या.

"वीट आहे, बाई."

आयव्हाबाईंनी आमच्या अर्ध्या हॅडली काउंटीला पाढे शिकवले. आता त्या इतिहास समितीच्या अध्यक्ष, आणि ऑर्व्हिल चोपन्न वर्षांचा, काउंटीचे कच्चे रस्ते सपाट करायचं यंत्र, ग्रेडर, चालवणारा. पण बाईंपुढे तो अजून चौथीतच होता. शनिवारी इथे स्मारकाचा दगड बसायचा होता. त्यावर पितळी अक्षरं होती : 'या काउंटीतील पहिली वस्ती. पेटिबोन कुटुंब, १८५४.' त्यासाठीच हा खड्डा.

"अगं बाई! ही तर पेटिबोनांची चूल!" बाईंनी वीट दोन्ही हातांत घेतली.

"ती एवढी जुनी नसेल, बाई..."

"तुला काय कळतंय? इतिहासात जेमतेम काठावर पास व्हायचास." बाईंनी वीट हातरुमालात गुंडाळली आणि मोटारीत पुढच्या सीटवर, माणूस बसवावा तशी बसवली.

त्यांची तरी काय चूक? पेटिबोनांच्या बाईने माहेरी लिहिलेलं पत्र सापडलं होतं. झऱ्यापासून शंभर पावलांवर घर बांधलं, दाराशी लायलॅक लावलं, असं त्यात होतं. आमच्याकडे जुनी घरं अशीच सापडतात. घर पडतं, लाकूड लोक घेऊन जातात, पण बाईने दाराशी लावलेलं ते जांभळ्या फुलांचं झुडूप दर मे महिन्यात फुलतच राहतं. झऱ्यापासून शंभर पावलांवर लायलॅक होतं. मग आणखी काय पुरावा हवा?

ते लायलॅक ऑर्व्हिलच्या आईने, हुल्डाने लावलं होतं. १९२६ साली. रोप सरळ धरायला सात वर्षांचा ऑर्व्हिलच होता. त्याचा बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायचा आणि इथे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दाराशी पायरी हवी म्हणून बापाने गावातल्या पडक्या लोणी कारखान्यातून चार विटा आणल्या होत्या. आई त्यांवर बुटांचा चिखल घासायची आणि दुपारची भांडी झाली की धुवणाची बादली लायलॅकच्या मुळाशी ओतायची. दोन वर्षांनी मालकाने जमीन विकली आणि टेस्के मंडळींनी गावात बिऱ्हाड केलं. घर मोडून कुणीतरी त्याचा गोठा बांधला. हे ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं आता कबरस्तानात होती.

'बाईंना गाठून सांगून टाकावं' असं म्हणत ऑर्व्हिल खड्ड्यातून वर आला, तेवढ्यात शेताचा आताचा मालक डेल ट्रॅक्टर थांबवून आला.

"पेटिबोनांचं निघालं म्हणून वाचलं हे झुडूप," डेल झुडपाकडे हनुवटी करत म्हणाला. "नाहीतर यंदा साखळी लावून उपटणारच होतो. मका पेरताना दर खेपेला वळसा घालायचा, वैताग नुसता!"

"आणि पेटिबोनांचं नसतं तर?"

"तर आत्ता, तुझ्या डोळ्यांदेखत. का रे?"

"काही नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बोललं तर आईचं झाड जाणार, न बोललं तर आईचं नाव. रात्री जेवताना त्याने बायकोला, व्हर्नाला सांगितलं.

"दोन दिवसांवर समारंभ आला," ती म्हणाली. "आता कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"पण ते आईचं आहे गं."

"हो ना." तिने त्याला आणखी बटाटे वाढले.

शनिवारी शाळेचा बँड आला. एका टेबलावर हॅमची सँडविचेस आणि ॲपल पाय, दुसऱ्यावर पांढऱ्या कापडावर एकटी वीट. दगडावरचं कापड दूर झालं तशा टाळ्या पडल्या. ऑर्व्हिलनेही वाजवल्या, पण त्या कुणासाठी ते त्याला समजेना. त्याच्या घराच्या जागेला सारी काउंटी टोपी काढून मान देत होती. छाती फुगवावी की हुंदका द्यावा, या गोंधळात तो नुसता उभा राहिला.

समारंभाला पेटिबोनांची पणती आली होती. लुएला पेटिबोन, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, थेट ओरेगॉनहून, पुतण्याचा हात धरून. ती लायलॅकपाशी गेली आणि फुलांत तोंड खुपसून कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने ऑर्व्हिलला खुणेने बोलावलं.

"याचा एक फुटवा काढून देशील? परत काही माझं येणं होत नाही."

"मावशी, हे..." ऑर्व्हिलने वाक्य फिरवलं. "हे एवढं लांब जगेल का?"

"एवढ्या लांबूनच तर आणलं असेल ना तिने! पहिल्या हिवाळ्यात तिची दोन मुलं गेली रे इथे. तरी दाराशी फूलझाड लावलं. कशी असेल बाई!"

"राहायचं ठरवलं असेल तिने," ऑर्व्हिल म्हणाला. कुणाबद्दल बोलतोय ते आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने मुळं न दुखवता फुटवा काढला, कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओल्या मातीत बसवला आणि ती मोटारीत बसल्यावर तिच्या मांडीवर ठेवला. मोटार वळणाआड गेली तरी तो हात पुसत उभा होता.

मंडळी पांगली. बायकांनी कॉफीचे कप टबात विसळले आणि एकीने तो टब रस्त्याकडेच्या चरात रिकामा करायला उचलला. ऑर्व्हिलने तो तिच्या हातून घेतला, लायलॅकपाशी नेला आणि मुळाशी ओतला.

"अरे, अरे!" आयव्हाबाई वीट छातीशी धरून धावत आल्या. "ऐतिहासिक झाड आहे ते! त्याला खरकटं पाणी?"

"चालतं त्याला, बाई. सवय आहे."

बाई थबकल्या. त्यांनी ऑर्व्हिलकडे पाहिलं, हातातल्या विटेकडे पाहिलं, पुन्हा ऑर्व्हिलकडे पाहिलं. त्याने टब उपडा करून शेवटचे थेंब झटकले आणि तो बायकांना परत नेऊन दिला.