थांबलेला टिलर

फाट्यावर एसटीतून उतरताच गोदूने पदराने मोबाईल पुसला आणि पुन्हा एकदा पाहिलं. नकाशावरचा निळा ठिपका जागचा हलला नव्हता.

चौलच्या बायकांच्या बचत गटाने खाचरांच्या चिखलणीसाठी पॉवर टिलर घेतला, तेव्हा दुकानदाराने त्यात एक बारकं यंत्र बसवून दिलं होतं. टिलर कुणाच्या शेतात आहे, चालतोय की उभा आहे, ते गोदूच्या मोबाईलवर दिसायचं. गटाची अध्यक्ष तीच. चौल तुळशीचं माहेर; त्या ओळखीने तिने एका दिवसासाठी म्हणून टिलर डोंगराकडच्या आपल्या सासरी नेला, तो परत पाठवलाच नाही. फोनही बंद. टिलरची पुढची पाळी गोदूची होती, आणि तिची भाताची रोपं जून व्हायला लागली होती.

"मी घेऊनच येते," असं सगळ्यांना सांगून ती निघाली होती. टिलर स्वतः चालवत फाट्यापर्यंत आणायचा, पुढे टेम्पो. तुळशीला काय काय ऐकवायचं, तेही एसटीत जुळवून झालं होतं.

ओहोळ ओलांडून ती खाचरांपाशी पोचली. टिलर बांधाला लागून उभा होता. चाकांना चिखल नव्हता. तुळशी हँडल धरून होती, आणि खाचरात उतरायच्या वाटेवर, अगदी टिलरच्या पुढ्यात, एक माणूस छत्री टेकून बसला होता.

"फोन का बंद गं तुझा?"

तो माणूसच उठला.

"गटाच्या ना तुम्ही? बरं झालं आलात. मी हिचा दीर, रावजी. न्या तुमचं मशीन. ही जमीन माझ्या बापाची हाय."

"माझ्या नवऱ्याचा बाप काय दुसरा व्हता?" तुळशीने हँडल आणखी घट्ट धरलं. मग ती गोदूकडे वळली. "हे वारल्यापास्नं खाचर पडीक हाय, गोदूताई. औंदा मी लावते म्हटलं, तर भाऊजी वाटेत बसलेत. हे उठले की यांचा पोरगा बसतो. फोन काढून घेतला. औंदाही पडीक राहिलं, तर म्हणतील, हिनं जमीन कधी कसलीच न्हाय, हिचा हक्क न्हाय."

गोदूने टिलरवर हात ठेवला. इंजिन थंडगार होतं. आता नेला असता, तरी कुणी तिला नाव ठेवलं नसतं.

"न्या ना, बाई," रावजी म्हणाला. "माझा पोरगा फाट्यापर्यंत सोडंल."

जुळवून आणलेलं सगळं बोलणं गोदूने गिळलं. मोबाईल त्याच्यासमोर धरला.

"हा ठिपका बघा, भाऊ. हे तुमचं खाचर. मशीन चाललं की ठिपका चालतो, थांबलं की थांबतो. आमच्या साऱ्या बायका घरी बसून बघतायत. मशीन कोणी थांबवलंय, विचारतायत. नाव सांगू?"

ठिपका तिच्या एकटीच्याच मोबाईलवर दिसायचा. पण तिने डोळा हलू दिला नाही.

"टेम्पो भरून येतील. आणि आल्या की लावणी करूनच जातील."

रावजी मोबाईलच्या काचेकडे बघत राहिला. त्याने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि छत्री उचलून तो बांधावर चढला. तिथून मात्र हलला नाही. खिशातून फोन काढून पोराला बोलावू लागला.

तेवढ्यात गोदूच्या सुनेचा, नूतनचा फोन आला.

"आई, मिळालं मशीन? टेम्पो पाठवू?"

"पाठव."

"मग उद्या आपलं खाचर—"

"आपलं राहू दे. आधी तुळशीचं." गोदूने बांधाकडे पाहिलं. दोन तरणे गडी वाडीतून खाली येत होते. "टेम्पो रिकामा पाठवू नको, नूतन. बायकांना घाल त्यात. जेवढ्या बसतील तेवढ्या."

"अगो, पण कशाला?"

"सांगते मग. लवकर कर."

तिने पदर खोचला, तुळशीला बाजूला केलं आणि इंजिनचं हँडल फिरवलं. एकदा नुसताच धूर निघाला. तिने दोन्ही पाय ओल्या मातीत नीट रोवले आणि पुन्हा फिरवलं.