न केलेली प्रार्थना

पाळकांना त्यांच्या गावी पोरंटोरं 'भोंगा' म्हणत, आणि ते काही उगाच नाही. उपासनेत ते प्रार्थनेला उभे राहिले की मागच्या बाकावर पेंगणारी माणसं खडबडून जागी होत आणि दाराशी चपलांवर झोपलेलं कुत्रं मुकाट्याने जागा बदले. मंडळीला या आवाजाचा फार अभिमान. परदेशात येशूची सुवार्ता सांगायला कुणाला तरी पाठवायचं ठरलं, तेव्हा चर्चच्या पंचांचे मुख्य, म्हणजे पाळकांचे सासरेच, म्हणाले होते, "आमच्या जावईबापूंचा आवाज नुसता विमानातून उतरला तरी अर्धं काम फत्ते." मंडळी हसली, रडली, हार घातले, आणि पाळक सपत्नीक विमानात बसले.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. येत्या रविवारी व्हिडिओवरून सगळ्या मंडळीसमोर त्यांना साक्ष द्यायची होती. वर्षभरात देवाने काय केलं आणि आपल्या हातून काय झालं, ते सांगायचं. देवाबद्दल बोलायला पाळक केव्हाही तयार होते. गाडी अडत होती ती पुढच्या भागाशी.

त्या आवाजाचं तिकडे काय झालं ते आधी ऐका. घराच्या भिंती पातळ. सकाळची प्रार्थना सुरू झाली की पलीकडचा शेजारी भिंतीवर थापा मारायचा. पाळकांना वाटलं, भला माणूस आहे, ताल धरतोय. पाळकीणबाईंनी हळूच उलगडा केला, तेव्हा पाळकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भाषेचं तर विचारूच नका. दुकानात पाव मागायचं वाक्य जुळेपर्यंत मागचं गिऱ्हाईक पाव घेऊन घरी पोहोचलेलं असे. हातात कागद न धरता तासभर उपदेश करणारा माणूस इथे साधा पत्ता विचारताना घामाघूम व्हायचा. तिथल्या चर्चने त्यांची अडचण ओळखली आणि व्यासपीठाऐवजी त्यांना वृद्धाश्रमात भेटींचं काम दिलं. "लोकांजवळ बसत जा," एवढंच सांगितलं. बसायला का एवढ्या लांब आलो, असं पाळकांना वाटलं. ते मनातून फार दुखावले होते, पण करतात काय!

तिथे गेल्या गेल्या त्यांनी घोळ घातला. त्यांच्या मंडळीत आजाऱ्याला भेटायची एक रीत आहे. विचारायचं-बिचारायचं नाही. सरळ उशाशी जायचं, कपाळावर हात ठेवायचा आणि मोठ्याने प्रार्थना सुरू करायची. आजारी माणूसही त्याचीच वाट बघत असतो, नाही केली तर महिनाभर रुसतो. वृद्धाश्रमातल्या पहिल्याच खोलीत एक म्हातारा दुपारचा डोळा लावून पडला होता. पाळकांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि अस्सल मराठीत, गावच्या आवाजात, देवाला हाक मारली. म्हातारा ताडकन उठून बसला. त्याने छाती चाचपली, पाय हलवून बघितले आणि पाळकांना विचारलं, "मेलो का मी?"

"नाही," पाळक म्हणाले. तेवढा शब्द त्यांना येत होता.

"मग निघ इथून."

म्हातारा बसचा ड्रायव्हर होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही, देवावर विश्वास नाही आणि जिभेला हाड नाही. पुढच्या खेपेला पाळक माफी मागायला गेले. माफीचं वाक्य त्यांनी बायकोसमोर घोटून घोटून पाठ केलं होतं. ड्रायव्हरने ते ऐकलं, त्यातल्या चुका सांगितल्या आणि पुन्हा म्हणायला लावलं. मग खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस. पण माझी एक अट आहे. माझ्यावर प्रार्थना करायची नाही. आज नाही, उद्या नाही, आणि मरायला टेकलो की तेव्हा तर मुळीच नाही. माझी आई गेली तेव्हा असाच एक तुमच्यातला आला होता. तिला मला काहीतरी सांगायचं होतं. तो बोलत राहिला, बोलत राहिला, आणि ती गेली. शब्द देतोस?"

"देतो."

"मनातल्या मनातही नाही. तुझे ओठ हलतात."

पाळकांनी शब्द दिला खरा, पण तो थोडा हातचा राखूनच. त्यांना वाटलं, दोन-चार महिन्यांत म्हातारा विरघळेल आणि स्वतःच म्हणेल, कर बाबा. आजवर त्यांच्यासमोर भले भले विरघळले होते. हा पठ्ठ्या काही विरघळला नाही. उलट पाळकच दर भेटीला थोडे थोडे गप्प होत गेले. ड्रायव्हर त्यांना आपला जुना बसमार्ग थांब्याथांब्याने सांगायचा. कुठल्या थांब्यावर कोण चढायचं, कोण भांडायचं, कुणी कुणाला आधी पाहिलं आणि मग दोघं एका सीटवर कधी बसायला लागले. पाळक त्यातून भाषा शिकले. घरी येऊन ते ती माणसं बायकोला सांगत, आणि पाळकीणबाई भाजी परतता परतता विचारत, "मग त्या भांडखोर बाईंचं पुढे काय झालं?" एकदा पाळकांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या सेवेत आपण एकाही माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. लोक अडचण सांगायला तोंड उघडत आणि ती अर्ध्यावर असतानाच आपली प्रार्थना सुरू होई.

इकडे मायदेशी मात्र वेगळाच कारभार चालला होता. पाळकीणबाईंनी फोनवर आईला ड्रायव्हरची गंमत सांगितली. आईने बाबांना सांगितली, आणि बाबांनी, म्हणजे पंचांच्या मुख्यांनी, मंडळीला. झालं! बुधवारच्या प्रार्थनासभेत ड्रायव्हरकाकांचं नाव दाखल झालं. बायकांनी त्यांच्यासाठी उपास धरले. कधी न पाहिलेला, दुसऱ्याच भाषेत शिव्या देणारा तो म्हातारा बघता बघता सगळ्यांचा काका होऊन बसला. सासरे फोन करून विचारत, "काय म्हणतात आपले काका? जावईबापू, एक जीव. तेवढा प्रभूच्या पायाशी आणलात तरी तुम्हाला आणखी वर्षभर तिथे ठेवण्यासाठी मला पंचांपुढे बोलता येईल." पाळक हूं हूं करत. दिलेल्या शब्दाचं त्यांच्याच्याने सांगवत नव्हतं.

आणि नेमका साक्षीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी वृद्धाश्रमातून नर्सबाईंचा फोन आला. "ते तुम्हाला बोलावताहेत. लवकर या."

पाळक धावतपळत गेले. ड्रायव्हरला ऊर्ध्व लागला होता. खिडकीचा पडदा अर्धा सरकवलेला, टेबलावर न घेतलेला चहा. पाळक आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. ड्रायव्हरने डोळे उघडून आधी त्यांच्या ओठांकडे बघितलं. पाळकांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

ड्रायव्हरने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "भीती वाटते रे."

याला काय म्हणायचं ते पाळकांना झोपेतसुद्धा ठाऊक होतं. आयुष्यभर ते याच एका वाक्याचं उत्तर शिकले होते आणि लोकांना देत आले होते. बायबलमधली वचनं ओठांशी आली. हात उचलून त्या कपाळावर ठेवावा आणि मोकळं व्हावं, असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी पलंगाचा दांडा धरून ठेवला. माणूस समोर बुडतोय आणि आपण काठावर दोर हातात घेऊन बसलोय, असं त्यांना वाटत होतं.

"मी आहे इथे," ते म्हणाले.

"हं," ड्रायव्हर म्हणाला. "बोलू नकोस. मी बोलतो."

आणि तो बोलला. तुटक तुटक, मध्ये थांबत, आपल्या बायकोबद्दल. लग्नाच्या आधी ती त्याच्या बसमधून उगाचच शेवटच्या थांब्यापर्यंत यायची आणि त्याच बसने परत जायची. उतरायचं विसरले, म्हणायची. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळक ऐकत राहिले. उन्हं उतरायच्या आत ड्रायव्हर गेला. पाळकांनी त्याच्यासाठी प्रार्थनेचा एक शब्दही उच्चारला नव्हता. मनातही नाही.

जिन्यावर येऊन पाळक पोरासारखे रडले. त्यांचा विश्वास जसाच्या तसा होता, म्हणूनच तर जीव तुटत होता. ज्या माणसावर त्यांनी या परक्या मुलखात सगळ्यात जास्त माया केली, त्याला त्यांनी रिकाम्या हातांनी जाऊ दिलं होतं. आता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शनिवारी जेवताना पाळकांच्या डोक्यात उद्याची साक्षच घोळत होती. एक सोपी वाट समोर होती. शेवटी काकांचे ओठ प्रार्थनेत हलले, एवढं म्हटलं तरी पुरे. कोण बघायला आलंय? मंडळीत आनंदीआनंद होईल, बायकांचे उपास फळाला येतील, सासऱ्यांची मान ताठ राहील आणि दुसरं वर्षही पदरात पडेल. पाळकीणबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ते सगळं वाचलं.

"माझे बाबा रागावतील, हे मला कळतंय," त्या म्हणाल्या. "रागावू देत. पण अहो, तुम्ही खोटं सांगितलंत तर उद्या मला त्या खोट्याच्या शेजारी बसावं लागेल. ते मला जमायचं नाही."

रविवारी पडद्यावर सगळी मंडळी दिसली. ठेवणीतल्या साड्या, तेल लावून भांग पाडलेली मुलं, आणि पुढे माइक हातात घेऊन उभे असलेले सासरे. गाणं झालं. सासरे म्हणाले, "जावईबापू, बाकीचं नंतर. आधी आमच्या काकांचं सांगा."

पाळकांनी सांगितलं. काका शुक्रवारी गेले. अट काय होती, ती का होती, आणि आपण ती पाळली. आवाज न चढवता, आडवळण न घेता ते सांगत होते.

"एक शब्दही नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही मामा."

"मनात तरी?"

"मनातही नाही. शब्द दिला होता."

"शब्द तुम्ही देवालाही दिला होता. इथेच उभे राहून, आम्हा सगळ्यांच्या देखत."

"हो," पाळक म्हणाले. "दिला होता. मी चुकलो की नाही, ते मला अजून कळत नाही. पण जे झालं ते हे असं झालं."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. पहिल्या बाकावरच्या एका आजीबाईंनी मधेच हात वर केला. काकांसाठी सगळ्यात जास्त उपास त्यांनी केले होते. "पण काय रे, आम्ही इकडे करत होतो, ते त्याला सांगितलंस का?"

"सांगितलं होतं आजी. म्हणाले, त्यांना करू दे. एवढ्या लांबून आवाज येत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी. "चावट मेला," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सासरे हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला. "शेवटची प्रार्थना रीतीप्रमाणे पाळक करतील."

बायकांनी डोक्यावरून पदर घेतले, सगळ्यांनी डोळे मिटले. वर्षभर न ऐकलेल्या त्या आवाजासाठी सगळे सरसावून बसले. पाळक उभे राहिले, हात जोडले, तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं आणि खाली बसले. मान वर करून ते त्या सगळ्यांकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

तिकडे एकेकाने डोळे उघडले. सासऱ्यांनी पुढे होऊन पडद्यावर बोट टिचकवलं. "हॅलो? अडकलं का हे?"

"नाही बाबा, चालू आहे," पाळकीणबाई म्हणाल्या. "ते बसलेत."

"बसलेत म्हणजे?"

"काकांजवळ बसायचे तसे."

तिकडच्या पंख्याची घरघर इकडे ऐकू येत होती. कुणी खोकलं, कुणाच्या तरी मांडीवर मूल कुरकुरलं आणि निजलं. आजीबाईंनी पदर डोळ्यांवरून काढला, हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत त्या नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांच्या शेजारची, मग मागचा बाक. जन्मात कधी गप्प न बसलेली ती मंडळी गप्प बसली होती. सासरे तेवढे एकटे उभे होते. त्यांनी मंडळीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, माइक टेबलावर ठेवला, आणि एक खुर्ची ओढून तेही बसले.